दुपारचं पाणी

मंगळवार, १७ एप्रिल १९३४. तळेमाथा.

पोहोचलो एकदाच्या. काल सोलापूर सोडले तेव्हा फलाटावर पाय ठेववत नव्हता. आज शाल पांघरून लिहीत बसले आहे. पुण्याहून सर्व्हिस मोटारीने येताना घाटात कस्तुरा दोनदा ओकली, पण वरच्या वळणावर तळे दिसताच सगळे विसरली. "आक्का, एवढं पाणी? आन राखणीला कुणीच न्हाय?" सगळी मोटार हसली. ही सांगोल्याला आत्याकडे वाढलेली पोर. तिकडे चैत्रात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरावी लागते.

वडील होटगीला रेल्वेत गँगमन होते. मला बी. ए. करायचे म्हणून आईविना वाढणाऱ्या कस्तुराला त्यांनी आत्याकडे ठेवले. माझ्या वाट्याला पुस्तके आली, तिच्या वाट्याला मेंढरे आणि आता हा छातीचा विकार. वडीलही गेले. डॉक्टर म्हणतात, दोन महिने डोंगरातली हवा मिळाली तर पोर वाचेल. शाळेला सुट्टी आहे. ती सारी तिची. आज धर्मशाळेत आहोत. उद्या जागा बघायची.

बुधवार, १८ एप्रिल

तीन जागा पाहिल्या. बाजारातल्या खानावळीवरच्या खोल्या स्वस्त, पण खालचा चुलीचा धूर सरळ वर येतो. टेकडीवरचे आरोग्यधाम अतिशय स्वच्छ. खाटा उघड्या व्हरांड्यात, देखरेखीला नर्सबाई. पण तिथे कस्तुरा एकटी राहणार आणि मला फक्त रविवारी भेट. हे ऐकताना तिने माझा पदर धरला. ती कधीच काही मागत नाही.

तिसरी जागा तळ्याकाठची. दोन खोल्या, पडवी, आणि मागच्या दारातून सहा पायऱ्या उतरल्या की पाणी. राखणदार बजाबाई शेजारच्या झोपडीत दोन लहान मुलांना घेऊन राहतात. मौज अशी की त्यांनीच आम्हाला ही जागा घेऊ नका म्हणून सांगितले. जागा दमट आहे, लेकरू आजारी दिसते, त्यापेक्षा टेकडीवर ठेवा. मी हसले आणि हीच घेतली. खिडकीतून तळे दिसते, कस्तुरा तिथून हलायला तयार नाही.

बजाबाईंनी एकच अट घातली. दुपारी मागच्या दाराशी कुणी पाणी मागितले तर द्यायचे नाही. भाकरी द्या, जुने लुगडे द्या, पाणी नाही.

शनिवार, २१ एप्रिल

कस्तुरा दोन भाकऱ्या खाते. खोकला उतरला आहे.

आज दुपारी बाराच्या सुमारास मागच्या पायरीवर एक मुलगी उभी होती. सोळा-सतरा वर्षांची, ओठ फुटून रक्त वाळलेले. तिने पाणी मागितले. मी उठले, तेवढ्यात बजाबाई धावत आल्या आणि मध्ये उभ्या राहिल्या. "आज न्हाय. जा बाई." मुलगी निमूट पायऱ्या उतरून गेली. बजाबाई पदराचा बोळा तोंडात धरून कितीतरी वेळ तिथेच होत्या.

मला संताप आला. सहा पायऱ्यांवर एवढे तळे असताना कुणी दारात पाणी मागते, याचा अर्थ मला कळतो. रिकामे मडके घेऊन, कुणीतरी वरून ओतील म्हणून विहिरीपासून लांब ताटकळणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. मी बजाबाईंना मुलीची जात विचारली. "जातीचं काय न्हाय, मास्तरीणबाई. आमच्यातलीच हाय." मला ते खोटे वाटले.

सांगोल्यात कोरड्या वर्षीसुद्धा दारी आलेल्याला कुणी तहानलेले पाठवत नाही. मी कस्तुराला सांगितले, ती पुन्हा आली तर आपल्या तांब्याने, आपल्या हाताने द्यायचे. वरून ओतायचे नाही.

सोमवार, २३ एप्रिल

मी पोस्टात गेले असताना ती आली आणि कस्तुराने पाणी दिले. एका दमात तांब्या रिता केला म्हणे. मग कस्तुराच्या गालाला हात लावला. "लई ताप होता गं तिला, आक्का." मी कस्तुराला जवळ घेतले. शिकल्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

बुधवार, २५ एप्रिल

मुलगी काल आली नाही, आजही नाही. पाणी कुणी दिले, बजाबाईंनी विचारले. कस्तुराने सांगितले तेव्हा त्या खाली बसल्या आणि तिच्या पायांवर डोके ठेवून रडू लागल्या.

मग सगळे सांगितले. ती त्यांची थोरली, मथुरा. चार वर्षांपूर्वी याच मागच्या खोलीत तापाने पडली होती. तापात पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असे वैद्याने बजावले होते. खिडकीत तळे, आणि पोर तीन दिवस पाणी मागत होती. बजाबाईंनी तिचे हात धरून ठेवले. दहावा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या दारी येऊ लागली. भगताने सांगितले, जो पाणी देईल त्याच्या हातून ती सुटेल. पण तिची तहान देणाऱ्याला लागेल. "मीच दिलं असतं पयल्या दिशी. पर मागं धाकटी दोन हायती की." जाताना त्यांना माझ्याकडे बघवले नाही.

दुःखाने माणसाला भास होतात, असे मी कस्तुराला समजावले. पण ती मुलगी मी पाहिली आहे. हे वाक्य लिहून मी त्याच्याकडे बघत बसले आहे.

रविवार, २९ एप्रिल

सकाळपासून तीन घागरी. जीभ कोरडी, पापुद्रे सुटलेली. "गोड लागतं, आक्का, पर पोचत न्हाय." दुपारी जागेवर नव्हती. शेवटच्या पायरीवर पालथी पडून तळ्याला तोंड लावून पीत होती, जनावरासारखी. मला बघून तिला लाज वाटली.

बुधवार, २ मे

आरोग्यधामाचे डॉक्टर येऊन गेले. छाती सुधारते आहे, म्हणाले. तहानेचे त्यांना काही कळत नाही. मी पाया पडले, तिला ठेवून घ्या म्हटले. आता खाट रिकामी नाही. त्या दिवशी होती. त्या दिवशी तीन जागांमधून मी—

बजाबाईंना म्हटले, तिची तहान मला द्या. जिवंतपणी ती कुणाला देता येत नाही म्हणतात.

सोमवार, ७ मे. सोलापूर.

परत आणली. प्रत्येक स्टेशनावर तांब्या भरून घेत आले. सात रस्त्याजवळच्या आमच्या खोलीत नळाला तासभर पाणी. शेजारच्या गौरम्मा आपला हंडा आणून ठेवतात. संध्याकाळपर्यंत तोही—

शुक्रवार, ११ मे

गेली. दुपारी सव्वाबारा. पेला माझ्या हातात होता. तोंड पाण्याने भरलेले, ओठांतून ओघळत होते, आणि मागत होती.

रविवार, २० मे

दहावा. कावळा शिवला नाही. पिंडाजवळची पाण्याची वाटी बघता बघता कोरडी पडली. सगळे म्हणाले, ऊन फार आहे.

सोमवार, २१ मे

दुपारी कडी वाजली. "आक्का."

उघडले नाही.

नंतर गौरम्मांनी विचारले, तुमच्या दारात निळे लुगडे नेसून कोण पोर उभी होती. निळे लुगडे माझे. तेच नेसवून तिला—

मंगळवार, २२ मे

आली. चष्मा पुसून फटीतून पाहिले. हाका मारत नाही. विहिरीवर नंबर लागेपर्यंत उभे राहावे तशी उभी राहते. पाय भाजत असतील.

"आज नाही, कस्तुरा" म्हटले. "बरं," म्हणाली. गेली.

बरं म्हणाली.

बुधवार, २३ मे

चार वर्षे. बजाबाईंनी चार वर्षे हे कसे—

त्यांच्यामागे दोन होती. माझ्यामागे कोणी नाही.

शाळेला राजीनामा लिहिला. ही वही गौरम्मांकडे जाईल. जो वाचेल त्याला हात जोडून विनंती. पुढे कधी भर दुपारी, चष्मा लावलेली कुणी बाई दाराशी आली, पाणी मागू लागली, तर देऊ नका. आज नाही, म्हणा. ती शिकलेली आहे, समजून घेईल. रोज आली तरी— कितीही—

कडी वाजली.

तांब्या भरलेला आहे. सांडायला नको, एक थेंबही—

आले गं. उघडते. किती वाळलीस. बस इथे सावलीत, सावकाश पी, ठसका ला