चाळीसवर अडलेला कॉम्प्रेसर

१ जुलै, शनिवार
पास्कव्हिलजवळच्या एका शेतावर जुन्या सामानाची विक्री होती. तिथून कॉम्प्रेसर आणला. लाल रंग, दोन चाकं, पिंपाएवढी टाकी. शेतकरी म्हणाला, "चालायचा." ग्लेनिसच्या मते याचा अर्थ, आता चालत नाही. माझ्या बायकोचं व्याकरण कच्चं आहे. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, शेवटची नऊ उपमुख्याध्यापक होतो. भूतकाळ मला समजतो.

योजना : उद्या कॉम्प्रेसर चालू. पुढच्या शनिवारपर्यंत कॅराव्हॅनला स्प्रेने रंग, पांढरा, खाली हिरवा पट्टा. ६ ऑगस्टला ती गाडीमागे जोडून डार्विनला प्रयाण. आमच्या मुलीला, केरेन्झाला, डॉक्टरांनी तिथे २४ तारीख दिली आहे. आमचं पहिलं नातवंड. तीन हजार किलोमीटर पोपडे उडालेली कॅराव्हॅन ओढत जाणं मला शोभणार नाही. ग्लेनिस म्हणाली, बाळ काही रंग बघायला येत नाहीये. तिला बारकावे कळत नाहीत.

२ जुलै
प्लग भिंतीत जाईना. एक पट्टी जाड. पंधरा अँपिअरचा पॉइंट लागतो, गॅरेजात दहाचा आहे. कानशीने पट्टी घासायला घेतली. शेजारची बेव्ह पॉलकिंगहॉर्न कुंपणावरून बघत होती. वय एकाहत्तर. वालारूच्या धान्यकोठारात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केल्यामुळे स्वतःला जाणकार समजते. म्हणाली, "घास, घास. फक्त फुलं कुठली आवडतात ते ग्लेनिसला सांगून ठेव."
कानस ठेवून दिली. तिच्या सांगण्यावरून नव्हे. चहाची वेळ झाली होती.

४ जुलै
वायरमन म्हणाला, तीन आठवडे वेळ नाही. त्याला कडक शब्दांत समज दिली. (फोन ठेवल्यावर.) मग ग्लेनिसने फोन केला. तो उद्या येतोय. माझ्या बोलण्याचा परिणाम जरा उशिरा होतो, हा शाळेतलाही अनुभव.

८ जुलै, सकाळी ११
पॉइंट बसला. बटण दाबतोय.

८ जुलै, ११.१०
घूं असा आवाज झाला, मोटर जागची हलली नाही, जळका वास आला आणि घरातली वीज गेली. ओव्हनमध्ये पास्टी होत्या, खिम्याच्या मोठ्या करंज्या. ग्लेनिसने ओव्हनचं दार उघडून मला दाखवलं. दोनदा दाखवलं.
बेव्हला मोटरला सुरुवातीचा झटका देणाऱ्या कपॅसिटरचा संशय. मला तो आधीपासूनच होता, नाव तेवढं आठवत नव्हतं.

संध्याकाळी केरेन्झाचा फोन. ग्लेनिस मला देत होती, पण माझे हात ग्रीसचे होते. केरेन्झाचा निरोप, "बाबाला म्हणावं, मनोलीला विचार ना." मनोली कुत्सुरिस म्हणजे आमचा जावई. डार्विनला टायरचं दुकान आहे. त्याच्याकडे दोन कॉम्प्रेसर आहेत म्हणे. पण टायरमध्ये हवा भरणं वेगळं आणि रंगकाम वेगळं.

१३ जुलै
अ‍ॅडलेडहून कपॅसिटर आला. चुकीचा. आकडे मीच कळवले होते, पण दुकानदाराने खात्री करून घ्यायला हवी होती.
संकल्प : यापुढे बारीक अक्षर चष्मा लावून वाचणे.

१८ जुलै
मोटर चालू झाली. बेव्हला मी मदत करू दिली. कपॅसिटर, वायरी, पट्टा, एवढं तिने पाहिलं. एकूण नियोजन माझं. टॉर्चही मीच धरला होता.
दाबाचा काटा सरसर चढत चाळीसवर गेला आणि तिथे बसला. अर्धा तास मोटर गात होती, काटा हलेना. स्प्रेला नव्वद तरी हवेत.
बेव्ह म्हणाली, "व्हॉल्व्ह असेल. नसेलही. मला पट्टे आणि पुल्या कळतात, हे नाही. जावयाला विचार की. त्याचं पोटच यावर चालतं."
सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय.

२२ जुलै
ग्लेनिसने ब्रश आणला आणि मला न विचारता कॅराव्हॅनचं दार रंगवून टाकलं. लांबून बरं दिसतं. जवळून फराटे दिसतात, हे मी तिला जवळ नेऊन दाखवलं. ती ब्रश धूत म्हणाली, "नेव्हिल, खरं सांग. तुला रंग द्यायचाय, की डार्विनला जायचं नाहीये?"
गॅरेजात परतलो. व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता, तिकडे लक्ष हवं होतं.

२३ जुलै, रविवार
रेडिओवर मॅच. हरलो. गॅरेजात फार थंडी. खाडीवरून वारा थेट शटरखालून येतो.
एकदा लिहून ठेवलेलं बरं. लग्नातल्या भाषणात मी केलेला विनोद अगदी साधा होता. मुलीला आर्किटेक्ट केलं आणि ती पंक्चरवाल्याने नेली, एवढाच. तिथे हशा यायला हवा होता. मनोलीच्या आईला इंग्रजी कमी कळतं. तिने शेजारच्या बाईला अर्थ विचारला आणि त्या बाईने, गरज नसताना, सांगितला. याला दोन वर्षं झाली. कोणी मनाला लावून घेतलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर मनोलीने मला फोन केलेला नाही, पण धंद्यात असतो माणूस.

२७ जुलै
नवा व्हॉल्व्ह बसवला. चाळीस. यावरून काटाच खराब असल्याचं सिद्ध झालं. नवा काटा बसवला. तोही खराब निघाला. चाळीस.
निघायला दहा दिवस. दार सोडून सगळी कॅराव्हॅन बाकी. घाबरण्याचं कारण नाही. स्प्रेने एका दिवसाचं काम आहे.

३० जुलै, रविवार, दुपारी २.१५
बेव्हने सांगितलं, आता तिच्या गुडघ्याला हे झेपत नाही. ग्लेनिस तिच्याकडे पत्ते खेळायला गेली आहे, फोन घरीच विसरून, आवाज बंद ठेवलेला. निवांतपणा आहे. मनोलीला फोन करायचं ठरवलं. संबंध फक्त तांत्रिक. कागदावर चार प्रश्न लिहून घेतलेत. तीन मिनिटांत संपवायचं, हवापाण्याच्या गप्पा नाहीत.

तोच दिवस, ५.००
पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, "मनोली, नेव्हिल बोलतोय."  पलीकडून रडण्याचा आवाज. म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं? मघापासून ग्लेनिसना लावतोय, कोणी उचलत नाही."
केरेन्झाचं ब्लड प्रेशर सकाळी एकदम चढलं. इस्पितळात नेल्यावर डोकं धरून बसली, मग डोळ्यांपुढे अंधारी. ऑपरेशनला आत घेतलं होतं आणि याला बाहेर बसवलं होतं. आई ग्रीसला गेलेली. एकटाच. म्हणाला, "फोन ठेवू नका."
ठेवला नाही. एक तास दहा मिनिटं. काय काय बोललो सगळं आठवत नाही. केरेन्झा सात वर्षांची असताना पोहायला जाऊन पायात शिंपला रुतवून घेतला आणि डॉक्टरलाच ओरडली, ते सांगितलं. बोलणं संपलं की तो म्हणायचा, "काहीतरी बोला." मग खिडकीतून तारेवरचे गलाह, म्हणजे गुलाबी काकाकुवे, मोजून दाखवले. एकोणीस. त्यातला एक उडाला, तेही सांगितलं. माझा आवाज मोठा आहे, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. आज तो हळू होता.
चार वाजायला वीस मिनिटं कमी असताना मुलगी झाली. दोन किलो तीनशे. दोघी ठीक.
पळत बेव्हकडे गेलो. ग्लेनिसला सांगता येईना. बेव्हने मला खुर्चीत बसवलं आणि पत्ते गोळा केले.

१ ऑगस्ट, डार्विन
काल विमानाने आलो. कॅराव्हॅन अंगणात, एक दार पांढरं.
मनोली भेटेल त्याला सांगतोय की सासऱ्याला आतून जाणवलं. नर्सने माझा हात हातात घेतला. केरेन्झा खाटेवरून म्हणाली, "बाबा, तू त्याला फोन केलास," आणि बाळ माझ्याकडे दिलं. मी कोणाचं वाक्य दुरुस्त केलं नाही. शिक्षकाला हे जड जातं, पण जमलं.

३ ऑगस्ट
 सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात मनोलीला गाठलं. म्हटलं, मी त्या दिवशी व्हॉल्व्हचं विचारायला फोन केला होता, जाणवलं वगैरे काही नव्हतं. म्हणाला, "माहितेय मला. सांगायला ते बरं वाटतं म्हणून सांगतो. रडणं ऐकल्यावर तुम्हीच म्हणालात, बरं, ते चाळीसचं राहू दे." मला हे आठवत नाही.
मग लग्नातल्या भाषणाची माफी मागितली. त्याला एक वाक्य पुरलं असतं, मी सहा वापरली. त्याने सगळी ऐकली.  म्हणाला, "आईला स्वतः सांगा. पुढच्या महिन्यात येतेय. जेवायला घालेल, पण आधी बोलेल."
मग म्हणाला, "टाकीवर साल काय कोरलंय?" म्हटलं, एकोणीसशे अडुसष्ट. तो म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात म्हणून चाळीसवर थांबतोय. बरं झालं थांबतोय. नव्वदवर गेला असता तर आतून गंजलेली ती टाकी गॅरेज घेऊन उडाली असती. आता त्याला हात लावू नका."
म्हटलं, तसा माझाही अंदाज होताच.
उद्या सकाळी सातला त्याच्याबरोबर दुकानात जायचंय. बसायला स्टूल देणार आहे. तिथेही कशाला हात लावायचा नाही असं ठरलंय. त्याच्या बाजूने.