संडासच्या पाइपावरचा मोगरा

मामाजी,

दुपारी प्लंबर येणार हाये. संडासची लाइन पुन्हा तुंबली, अन् पाइपाचं सफाईचं तोंड आत्याबाईच्या मोगऱ्याखाली दबलं हाये. पाहुण्यांपुढं उघडा पाइप दिसू नये म्हणून त्याइनंच तो तिथं लावला होता. आता काढाच लागते. मातीच्या गोळ्यासकट काढजा. नवं तोंड जमिनीच्या वर वीतभर घ्यायले सांगजा, फिरवून बसवायचं आट्याचं झाकण लावजा, अन् त्यावर काहीच ठेवू नका.

मी माहेरी परतवाड्याले चालली. मले ते पाहवत नाही.

आत्याबाई गेल्यापासून तुमी रोज तिथं बसून त्याइच्याशी बोलता, मले माहीत हाये. मोठी बादली धुऊन ठेवली. मोगरा त्यात लावून तुमच्या खाटेजवळ ठेवजा.

नाहीच जगला, तर जे त्याइले सांगता ते मले सांगत जा.

तुमची सून, सीमा