चिमट्यात धरलेली पत्रिका

ती. बाबूराव मामांस,
साधाच नमस्कार. साष्टांग लिहायला हात उठत नाही.

कोरोनात माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन बाबा परदेशीपुऱ्याहून अख्खं शहर ओलांडून बडा गणपतीला तुमच्या घरी आले होते. मामाला आमंत्रण हातानेच द्यायचं, म्हणून. तुम्ही त्यांना पायरीवरच थांबवलंत, पत्रिका चिमट्यात धरलीत आणि त्यांच्यासमोरच तिच्यावर सॅनिटायझर मारलंत. पत्रिकेचं कुंकू पायरीवर ओघळलं. "क्या है ना जीजाजी, रिस्क नको," म्हणालात. भीती समजते हो मला, पण पाणी तरी विचारायचं होतं.

लग्नाला तुम्ही आलाच नाहीत. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या पाठीशी मामाच्या जागी बाबाच उभे राहिले.

आता तुमच्या निवेदिताच्या लग्नाची पत्रिका कुरिअरने आली, ती माझ्याच हाती पडली. लग्नाचं कानावर आल्यापासून बाबांनी सदरा इस्त्री करून ठेवलाय आणि रोज विचारतात, "बाबूरावांकडून काही आलं का गं?" मी नाही म्हणते.

कोरोनात टीव्हीवर डॉक्टर सांगायचे, कागदावर काही मारायची गरज नाही, थोडे दिवस बाजूला ठेवला की झालं. तुमची पत्रिका मी तशीच बाजूला ठेवली आहे, तिच्यातच हे पत्रही, न पाठवता. लग्न उरकलं की बाबांना देईन.

तुमची भाची,
रुची