२१६४ क्रमांकावर कोण धावलं, याचा लेखी खुलासा

पनवेल,
सोमवार, सकाळी साडेदहा

आदरणीय नाथनभाऊ यांस,

आशालताचा नमस्कार, आणि सोबत तुमच्या पद्धतीचा शालोम. दोन्ही ठेवून घ्या. तुमची तब्येत उत्तम असेल असं धरून चालते, कारण काल तुमच्याकडच्या सव्वासहाला उठून, चष्मा लावून, स्पर्धेची वेबसाइट उघडून, बहिणीचं नाव शोधून, तिला मेसेज धाडण्याइतकी ताकद तुमच्या अंगात आहे हे सिद्ध झालंच आहे. बीपीची गोळी वेळेवर घेत असाल. मी बरी आहे. उजवा गुडघा सोडून.

तुमचा मेसेज मी वाचला. "अपूर्ण. ठरल्याप्रमाणे चोवीस तारखेचं विमान. गरम कपडे आणू नकोस, इथे मिळतात." एवढंच. एलिशेवाने तो मला दाखवला आणि पलंगाखालची बॅग ओढली. मी तुम्हाला लगेच फोन केला, तर तुम्ही मला चार वाक्यंसुद्धा पुरी करू न देता म्हणालात, "आशालता, तू तिची मैत्रीण, तू तिचीच बाजू घेणार. काय असेल ते लेखी दे." नाथनभाऊ, मी एकतीस वर्षं कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. लेखी द्यायला मला आवडतं. घ्या. (शेजारची मनिषा या पानांचे फोटो काढून तुम्हाला आजच पाठवेल. मूळ प्रत रजिस्टर पोस्टाने येईल, ती सांभाळून ठेवावी.)

आधी पैज काय होती ते नोंदवते, म्हणजे पुढे वाद नको. एलिशेवा बाथरूममध्ये घसरली त्याला आता वर्ष झालं. मनगटाला प्लास्टर लागलं, निघालं, पण तुमच्या मनातलं प्लास्टर काही निघेना. दर शुक्रवारी तुमचा फोन: एकटी राहतेस, वय झालं, इकडे ये. (तुमच्या तिकडच्या बातम्या मीही बघते. सुरक्षिततेचा मुद्दा तुम्ही मांडूच नये.) अशाच एका शुक्रवारी तिने तुम्हाला सहज सांगितलं की पनवेलमध्ये अर्धमॅरेथॉनचे फलक लागलेत. तुम्ही मोठ्याने हसलात आणि म्हणालात, "तू एकवीस किलोमीटर दिलेल्या वेळात धावून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर मी तिकीट काढतो." फोन स्पीकरवर होता. मी समोर बसून मटार सोलत होते. तारीख आणि वेळ मी त्याच क्षणी दुधाच्या कॅलेंडरवर लिहिली. तुम्ही तर तिकीट स्पर्धेच्या आधीच काढून ठेवलंत, इतका तुमचा बहिणीवर विश्वास.

मी सोबत नाव घातलं ते निव्वळ देखरेख म्हणून. एलिशेवा इथे राहते की तिथे, यात माझं वैयक्तिक काही नाही. पण तिला एकटीला सोडलं असतं तर ती पहिल्या चहाच्या टपरीपुढे गेली नसती. तीन महिने आम्ही पहाटे वडाळे तलावाभोवती सराव केला. म्हणजे सराव मी केला. ती प्रत्येक फेरीत एक नवी ओळख करून घेत असे. सदुसष्टाव्या वर्षी बाईला धाप लागते ती बोलून लागते, धावून नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली की हे असं होतं. सगळ्या पनवेलशी जोडून द्यायची सवय काही जात नाही.

आता मुख्य मुद्दा. छातीवर लावायचे क्रमांक, टीशर्ट आणि बाकीचा कचरा (एनर्जी बार, जो विटेसारखा लागतो) फक्त शनिवारी मिळणार होता, आणि घेताना सही करायची होती. तुम्हाला सांगायला नको, शनिवारी तुमची बहीण सही करत नाही. टीव्हीवरच्या मालिका बघते, त्यातल्या सासूला नावं ठेवते, माझ्या घरी येऊन मीच केलेला चहा पिते, पण शब्बाथच्या विश्रांतीत हातात पेन धरणार नाही. तिने शुक्रवारी दुपारी मला अधिकारपत्र लिहून दिलं आणि मी दोघींच्या पिशव्या आणल्या. माझा क्रमांक २१६४. तिचा २१४६. प्रत्येक क्रमांकाच्या कागदाखाली भोकं पाडलेली एक पट्टी होती, तिच्यावर धावणाऱ्याचं नाव छापलेलं.

नाथनभाऊ, इथे मी जे केलं ते मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. एकतीस वर्षं माझ्या हाताखालून उत्तरपत्रिका गेल्या आणि एकतीस वर्षं मी त्यांच्यावरची नावं काढली. क्रमांक आणि नाव एका कागदावर तपासनिसाकडे जाता कामा नये, हा नियम माझ्या बोटांत बसलाय. भोकांची रेघ दिसली आणि माझ्या बोटांनी दोन्ही पट्ट्या फाडल्या. सरळ, एकही कोपरा न फाटता. मग त्या पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं, चिकटवल्यावर आडवी सही केली आणि कपाटात ठेवलं. हे सगळं करताना मी रेडिओ ऐकत होते. भानावर आले तेव्हा टेबलावर दोन कागद होते, २१४६ आणि २१६४, आणि कोणता कोणाचा हे मला पाठ आहे अशी माझी खात्री होती. पाकीट उघडून बघता आलं असतं. पण सीलबंद पाकीट मी आयुष्यात कधी मुदतीआधी उघडलेलं नाही.

रविवारी पहाटे पाचला आम्ही मैदानावर. तिथे एक व्यासपीठ होतं, त्यावर प्रणित नावाचा एक माणूस माइकमध्ये ओरडत होता आणि दोन हजार माणसं त्याच्या सांगण्यावरून हात वर करून उड्या मारत होती. धावायच्या आधी दमायचं असतं हे मला नवीन होतं. एलिशेवा पहिल्या रांगेत जाऊन नाचली. प्रणितने आमच्याकडे बोट दाखवून "आपल्या आज्जी नंबर वन!" अशी आरोळी ठोकली. मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने पूर्वी मुलं आपणहून चिठ्ठ्या बाहेर काढत. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. साडेपाचची स्पर्धा पाच एक्केचाळीसला सुटली. अकरा मिनिटं उशीर. माझ्या हॉलमध्ये असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

वेळ होती साडेतीन तास. मी हिशेब करून ठेवला होता, किलोमीटरला साडेनऊ मिनिटं, आणि पहिले साडेदहा किलोमीटर तुमच्या बहिणीला त्याच हिशेबाने ओढत नेलं. ओढत हा शब्द शब्दशः घ्यावा, पाच ठिकाणी दंडाला धरून. खारघरला बेलपाड्यापाशी परत फिरायची खूण होती. तिथे एका घराच्या ओट्यावर भामाबाई म्हणून एक म्हातारी पाण्याची कळशी घेऊन बसली होती. आम्हाला पाहून म्हणाली, "आगो बाय, कोन मागं लागलाय का तुमच्या?" एलिशेवा म्हणाली, कोणी नाही. "नाय ना? मंग पलताव कशाला?" या प्रश्नाचा विचार करत मी वळले ती फक्त कमरेपासून वर. उजवा गुडघा वळलाच नाही. मी ओट्यावर बसले ती उठता येईना.

एलिशेवा माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आशे, जाऊ दे. रिक्षा करू, घरी जाऊन पोहे खाऊ." मी म्हटलं, "पोहे खा आणि चोवीस तारखेला विमानात बस." ती म्हणाली, "तुला अशी टाकून जाऊ?" मी म्हटलं, "एली, मी ओट्यावर आहे, विहिरीत नाही. चल, ऊठ." त्यावर भामाबाईंनीच तिच्या पाठीत हलकी थाप मारली, "जा गो, मी बसलंय हिच्यापाशी." आणि नाथनभाऊ, तुमची बहीण गेली. एकटी. मागे न बघता नाही. चार वेळा बघितलं तिने. पण गेली.

स्पर्धेच्या सगळ्यात शेवटी एक गाडी असते. जे मागे पडले त्यांना उचलून आणते. ती पाच मिनिटांत आली आणि मला त्यात घातलं. आत एक पिळदार दंडांचा जिम शिकवणारा माणूस होता, दंडावर वाघ गोंदवलेला, तो प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसला होता. मी त्याला माझी खडीसाखर दिली. गाडी चालवत होते दयाराम, एरवी तळोज्याच्या कारखान्यांची पाळीची बस चालवतात. त्यांना हुकूम असा की ठरलेल्या वेगाने जायचं आणि जो गाडीच्या मागे पडेल त्याला आत घ्यायचं. कामोठ्याच्या पुढे आलो तेव्हा रस्त्यावर गाडीपुढे एकच व्यक्ती उरली होती. एलिशेवा.

त्यापुढचं जे मी पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. कळंबोलीच्या पुलाच्या चढावर तिचा वेग इतका कमी झाला की एक कुत्रं तिला ओलांडून गेलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. मी खिडकीतून डोकं काढून तिला काय वाटेल ते बोलले, त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. तिने मला जी शिवी दिली ती शब्बाथला चालत नसावी, पण रविवार होता. मग तिने कठडा सोडला. त्या टप्प्यात गाडी तीन वेळा थांबली. (का थांबली, हे इथे महत्त्वाचं नाही.) खांदा कॉलनीपासून पुढे बाईंनी जो वेग धरला तो मला सरावात तीन महिन्यांत दिसला नव्हता. ओठ मिटलेले. कोणाशी एक शब्द नाही. तीन तास अठ्ठावीस मिनिटांनी तिने रेघ ओलांडली. दोन मिनिटं राखून. माझं घड्याळ मी रोज आकाशवाणीला लावते.

गाडीतून लंगडत उतरले आणि माइकवरून माझं नाव ऐकलं. "साठीपुढच्या महिला, तिसरा क्रमांक, आशालता!" व्यासपीठावर एलिशेवा, गळ्यात पदक, हातात करंडक, तोंडावर गोंधळ. (गटात चार बायका होत्या, चौथी गाडीत होती, तेव्हा करंडकाने हुरळून जाऊ नये.) छातीवर २१६४. मी माझ्या छातीकडे पाहिलं. २१४६. 

मी तडक प्रणितला गाठलं आणि क्रमांक बदलल्याचं सांगितलं. माइक हातात नसला की माणूस बरा आहे. म्हणाला, "आजी, कुणाला बोलू नका. क्रमांकांची अदलाबदल झाली की नियमाने दोघी बाद." म्हणजे दुरुस्ती मागितली तर २१६४ पण गेला. म्हणून वेबसाइटवर आजही मी धावलेली आहे आणि तुमची बहीण अपूर्ण आहे. जगात हे दुरुस्त करू शकणारा माणूस एकच, आणि तो फोनवर ऐकून घेत नाही.

पुरावे दोन. एक, ते पाकीट, सीलबंद, आडव्या सहीसकट, मूळ पत्रासोबत पाठवत आहे. आत दोन नावं आहेत. म्हणजे काल आमच्या छातीवर नुसते क्रमांक होते, नावं नव्हती. दुसरा पुरावा पोस्टाने पाठवता येत नाही. एलिशेवाने तुमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, मलिद्याचा नवस बोलला होता, पुरं धावले तर. काल संध्याकाळी तिने गोड पोहे कालवले, खोबरं घातलं, पाच फळं मांडली, दिवा लावला आणि तुमच्या आईंच्या चालीत म्हणायचं ते म्हटलं. पलंगावर अर्धी भरलेली बॅग होती. तुमची बहीण तुमच्याशी खोटं बोलेल, माझ्याशी तर रोज बोलते. पण न धावता ती एलियाहू हन्नबीपुढे मलिदा ठेवेल का, हे तुम्हीच ठरवा.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपली,
आशालता

ता. क. १ : चोवीसचं तिकीट रद्द करावं. गुरुवारनंतर ते रद्द होत नाही असं मनिषाने बघितलं. म्हणजे तुमच्याकडे तीन दिवस आहेत. बीपीची गोळी घेऊन मग निर्णय घ्यावा.

ता. क. २ : गाडी का थांबली हे महत्त्वाचं नाही असं वर लिहिलं आहे. लेखी खुलाशात लपवालपव बरी नाही. पहिल्यांदा मला मळमळतंय म्हणून थांबली (मळमळ वाघवाल्याला होत होती). दुसऱ्यांदा माझा चष्मा रस्त्यावर पडला म्हणून. तिसऱ्यांदा मी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला आणि आत घेतला नाही. एकूण सहा मिनिटं. तेवढ्यामुळे ती गाडीच्या पुढे राहिली. एकतीस वर्षांत मी कोणालाही घंटेनंतर एक ओळ लिहू दिली नाही. उतरताना दयाराम म्हणाले, "बाई, चष्मा तुमच्या पर्समधून डोकावतोय, कळंबोलीपासून." म्हणजे तेही सामील. पण रेघेपाशी मी काही केलेलं नाही. तिथले तीन तास अठ्ठावीस तिचे.

ता. क. ३ : डॉक्टर म्हणतात गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल, मग दीड महिना घरी कोणीतरी हवं. एलिशेवा मला न विचारता "मी आहे" म्हणून मोकळी झाली. याचा वरच्या मजकुराशी काही संबंध जोडू नये.

ता. क. ४ : पत्र पुन्हा वाचलं. चौथ्या परिच्छेदात "यात माझं वैयक्तिक काही नाही" असं एक वाक्य आहे. ते खोडणार होते. पण खाडाखोड असलेला कागद पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून तसंच ठेवलं आहे. आपण ते खोडलेलं आहे असं समजून वाचावं.