औरंगाबादचं विमान

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता मला डोळे मिटावे लागतात. गेल्या आठवड्यात सुनेने विचारलं, "आई, बाळाच्या छातीत घरघर असते, त्याला विमानातून न्यावं का? तुम्हीपण लहानपणी अशाच गेला होतात ना?" मी नुसतं हो म्हटलं आणि ओट्यापाशी जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. सासूला राग आला, असं तिला वाटलं असेल. राग आलाच होता, पण तिचा नाही.

अंधेरीची आपली खोली म्हणजे माझ्या दम्याचं माहेरच होतं. मागे दगडाच्या खाणी, पुढे दलदल. उन्हाळाभर खाणीची भुकटी भाताच्या पातेल्यापर्यंत यायची आणि पाऊस लागला की भिंतींना हात लावला तरी ओला व्हायचा. आईने माझ्यापायी स्टो बाहेर गॅलरीत नेला होता. वारा सुटला की तो विझायचा, ती पुन्हा पिन मारून पेटवायची, पण आत आणायची नाही. मला धाप लागली की ती ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची आणि तुम्ही मला उशीवर ओणवं बसवून पाठीवरून हात फिरवत राहायचात. धाकटे दोघे भाऊ कोपऱ्यातून बघत बसायचे. डॉक्टर सुई टोचून जायचे, दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

तुम्ही सांताक्रूझला विमानतळावर, विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये कामाला होतात. तुमच्या शर्टाला तेलाचा वास असायचा, आणि विमान डोक्यावरून गेलं की चाळीतली पोरं माझ्याकडे बघायची, जसं काही ते आपलंच. मी सात वर्षांची असताना एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि चपला काढायच्या आधीच विचारलंत, "गो बाय, इमानात बसतलस?" मी म्हटलं, "खंय?" "औरंगाबादेक, आत्येकडे. चार दिस रवया, परत येवया." कामगारांना वर्षातून एकदा पास मिळायचा, तो तुम्ही माझ्यासाठी वापरणार होतात. आगगाडीत इंजिनाचा धूर मला सोसणार नाही, म्हणून विमान, असंही सांगितलंत. ते खरंच होतं. खऱ्यात खोटं असं मिसळलं होतंत की कुठे सांधा दिसला नाही. आई माझे केस विंचरत होती आणि विंचरून झाल्यावरही विंचरत राहिली.

ते डकोटा विमान होतं. जमिनीवर उभं असताना शेपटीवर बसल्यासारखं, त्यामुळे आत शिरल्यावर चढ चढून आपल्या जागेपाशी जावं लागायचं. तुम्ही मागून मला हाताने टेकू देत होतात. खिडकीची जागा माझी. सुटाबुटातली माणसं, गोऱ्या मडमा, आणि त्यांच्यात तुम्ही लग्नातला कोट घालून आखडून बसलेले. हवाईसुंदरीने पेपरमिंट दिलं, ते मी भावांसाठी फ्रॉकच्या खिशात ठेवलं. घाट आला तसं विमान उसळायला लागतं. माझ्या छातीत ती ओळखीची शीळ. समोरच्या जागेवरच्या माणसाने सिगरेट पेटवलेली आहे आणि तिचा धूर थेट माझ्याकडे येतो आहे. मला श्वास आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. तुम्ही मला मांडीवर घेता, माझी पाठ तुमच्या छातीला टेकवता आणि कानाशी म्हणता, "भियां नको गो. आधी भायर सोड. मी आसंय मां." मग, साहेबाने हाक मारली तरी मान खाली घालणारे तुम्ही, मला एका हाताने धरून अर्धवट उभे राहता आणि त्या सुटातल्या माणसाला सगळ्यांदेखत म्हणता, "साब, सिगरेट बुझाव. मेरी लडकी का दम घुट रहा है." तो माणूस चमकून वळतो, माझा निळा पडलेला चेहरा बघतो आणि सिगरेट विझवतो. उतरेपर्यंत तुम्ही मला मांडीवरून खाली ठेवलं नाहीत. माझा बाप विमानातसुद्धा कुणाला भीत नाही, असं मला वाटलं होतं. बाबा, माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणावर इतका विश्वास टाकला नाही, जितका त्या तासाभरात तुमच्यावर टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला बांगड्या भरायला गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेली. परत आलो तर तुमचा कोट खुंटीवर नव्हता. "बाबा कुठे?" तर आत्या म्हणाली, "त्यांना कामावर बोलावलं, बाळ. तू राहा थोडे दिवस." मी पिशवी उपसली. तळाशी माझा स्वेटर होता, दिवाळीचा फ्रॉक होता, शाळेची पाटी होती. चार दिवसांसाठी कुणी पाटी देत नाही. आईलाही ठाऊक होतं, हे मला त्या पाटीने सांगितलं. मी ओरडून रडले आणि दम लागेल म्हणून वाट बघत बसले, कारण दम लागला की तुम्ही येता हे मला पाठ होतं. पण त्या कोरड्या हवेत तो लागला नाही.

आत्या वाईट नव्हती. तिला मूल नव्हतं. आत्याचे यजमान वीजखात्यात होते, अबोल, पण रोज संध्याकाळी माझ्यासाठी पेरू नाहीतर बोरं आणायचे. तुम्ही सहा-आठ महिन्यांनी यायचात, पाहुण्यासारखे सतरंजीच्या कडेला बसायचात. मी चौथीत असतानाची ती दुपार तुम्हाला आठवत असेल. मी धावत येऊन सांगितलं, "बाबा, वर्ष झालं, मला एकदापण धाप लागली नाही. आता मी बरी झाले. आता नेता ना?" आत्या चुलीशी भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. तुम्ही तिच्या पाठीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. म्हणालात, "हयली शाळा बरी आसा. फुडच्या वर्सा बघया." आत्या पुन्हा भाकरी थापायला लागली. पुढच्या वर्षीही तुम्ही तेच म्हणालात. त्यानंतर मी विचारलं नाही.

मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी अंधेरीला आले तेव्हा खाणींच्या जागी कारखाने उठले होते आणि भाऊ मला ताई म्हणताना आधी आईकडे बघायचे. तुमच्याशी मी कामापुरतं बोलायचे. तुम्ही माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायला सांगायचात, मी तो भावांच्या ताटात सारायचे. दोन वर्षांनी तुम्ही हँगरमध्ये कोसळलात ते घरी आलाच नाहीत.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी, मी नि आई तांदूळ निवडत असताना, ती आपणहून बोलली. "डॉक्टरांनी तुका एक पावसाळोच भायर ठेवूक सांगितल्यानी." मी सूप खाली ठेवलं. "मग?" "मगे काय. तुझ्या आत्येक मूल नाय. तिने भावाकडे पदर पसरल्यान. ह्यांका नाय म्हणूक जमला नाय." मी विचारलं, "आणि तू? तुला जमलं?" आई तांदळातला एकेक खडा बाजूला काढत राहिली.

म्हणजे माझा दमा हे निमित्त होतं. एवढी वर्षं मी स्वतःला समजावलं होतं की माझा जीव वाचावा म्हणून तुम्ही काळजावर दगड ठेवलात. दगड ठेवलातही असेल, पण तो बहिणीसाठी. घरात दोन मुलगे होते, एक आजारी मुलगी दिली तर घर रिकामं होत नव्हतं. असा हिशेब तुम्ही केला नसेल, असं मला वाटून घ्यायचंय, पण वाटत नाही. आणि सर्वात जास्त सलतं ते हे की विमानातलं तुमचं धरणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी तुम्हाला केव्हाच विसरले असते. त्या मांडीवर मला घट्ट धरलेलं असताना, पुढचं सगळं तुमच्या मनात ठरलेलं होतं. तुम्ही माझ्यासाठी परक्या माणसाशी भांडलात आणि मला परक्या घरी ठेवून गेलात, दोन्ही एकाच कोटात.

सुनेला मी आज सांगितलं, डॉक्टरांना विचार, ने बिनधास्त, फक्त कुठे चाललोय ते त्याला खरं सांग. ती हसली, "आई, तो तीन वर्षांचा आहे." मी म्हटलं, "तरी सांग."

ती बाजारातून यायच्या आत हा कागद मी फाडून टाकणार आहे. एकच गोष्ट लिहायची राहिली. मला विचारलं असतं तर मी आपण होऊन गेले असते, असं मी आईला, नवऱ्याला, आणि तुमच्या फोटोलासुद्धा कितीदा तरी सुनावलंय. आता तेच वाक्य इथे लिहायला गेले तर हात पुढे जाईना. ते खरं नाही, बाबा. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, आणि माझं ते 'नाही' तुम्हाला मोडवलं नसतं.