पाणी बेतानं पी

माधव नगर, उज्जैन
ऑक्टोबर १९५६

ती. आईस, वेणूचा नमस्कार.

दहा दिवस ओटीपोट दुखतंय. घडीघडी लघवीला लागते, थेंबभर होते आणि आग आग होते. पाळीही चार दिवस लांबली, तर सासूबाईंनी दिवस गेले म्हणून इंदूरला वन्संना कळवूनच टाकलं. परवा पाळी आली आणि त्यांचं तोंड उतरलं. मग काल हे मला इथेच फ्रीगंजात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

त्यांनी लघवी तपासली. म्हणाल्या, जंतू झालेत. "पानी कितना पीती हो? रोकती कितनी देर हो?"

काय सांगू? आमचा संडास बैठकीच्या पलीकडे. नवं राज्य होऊन कचेऱ्या भोपाळला जाणार म्हणून मामंजींचे कारकून मित्र सकाळपासून तिथे काळजी करत बसतात. नवी सून तांब्या घेऊन त्यांच्यासमोरून जाणार कशी? ते उठेपर्यंत मी पोट आवळून पोळ्या लाटते.

आणि सासरी निघताना तूच कानात म्हणाली होतीस, "पाणी बेतानं पी, म्हणजे उठावं लागत नाही."

फार राग आला तुझा. मग आठवलं, तूही चुलीपुढे गुडघे पोटाशी धरून बसायचीस. विचारलं की म्हणायचीस, "वात आहे गं." तुला कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

आज सकाळी मी तांब्या घेऊन सरळ बैठकीतून गेले. मामंजींनी मान खाली घातली. घालू देत.

हे पत्र तिकडे आधी अण्णा वाचतील, म्हणून पेटीतच ठेवते. मार्गशीर्षात आपल्या धाकट्या सुलूच्या लग्नाला येईन. निघताना तिच्या कानात मी बोलेन, तू नाही.

तुझी,
वेणू