हायवेवरचा युर्त आणि मी, मालक

१२ मे
धंद्याचं ट्रेनिंग संपलं. मॅडमनी फॉर्म दिला: धंदा का करायचाय? पोटासाठी, स्वातंत्र्यासाठी, नावासाठी की समाजसेवेसाठी? ज्याचं जसं कारण, तो तसा धंदा निवडतो म्हणे. पोटावर खूण करणाऱ्यांना पावाची भट्टी नाहीतर शिलाई मशीन हवं होतं. बिचारे. मी स्वातंत्र्यावर खूण केली. शाळेतली कारकुनी सोडली. हायवेला युर्त, म्हणजे लोकरी नमद्याचा गोल तंबू, उभारून त्यात हॉटेल.

१३ मे
बायकोला, बुरुलला, सांगितलं. म्हणाली, पहिल्या बर्फापर्यंत बघते. नाहीतर लेकीला तुमच्यापाशी ठेवून मॉस्कोला भांडी घासायला जाते. घाबरट आहे. बर्फाआधी तिला वॉशिंग मशीन घेणार.

९ जून, दुपारी
उद्घाटन. पहिलं गिऱ्हाईक ट्रकवाला. रीतीप्रमाणे त्याच्या सात पूर्वजांची नावं विचारली. पाचव्याला नातं निघालं! पैसे काढत होता, मी हातच धरला, नातेवाइकाकडून कसले पैसे! म्हणाला, दादा, असा यजमान या रस्त्याला नाही. याला म्हणतात ब्रँडिंग.

२ जुलै
युर्त फुल्ल. सगळे नातेवाईक निघाले. बुरुल म्हणते, अहो उद्योजक, पूर्वज विचारू नका, बिल विचारा. ठरलं. उद्यापासून तोंड बंद.

३ जुलै
विचारलं. राजधानीतलं, बिश्केकचं जोडपं होतं. चौथ्या पिढीत नातं. मेंढी कापली.

१८ ऑगस्ट
दरफलक रंगवला. एक म्हातारबुवा आले, तेवढा वेळ फलक भिंतीकडे फिरवला. फॉर्मवर खूण चुकली होती, माझा धंदा मुळात समाजसेवेचा. त्यात नफा उशिरा येतो. दोनच मेंढ्या उरल्यात. बुरुल म्हणाली, कसली सेवा नि कसलं स्वातंत्र्य! शाळेत चौदा वर्षं तुम्हाला कुणी बसा म्हटलं नाही, म्हणून हा खटाटोप. काहीतरीच बोलते. दिवसभर तेच डोक्यात.

२७ सप्टेंबर
सहज शाळेत डोकावलो. माझी जागा भरली. हेडमास्तर बसा म्हणाले नाहीत. फार भीती वाटतेय. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

१९ ऑक्टोबर, सकाळी ७
पांढरं काहीतरी पडलंय. बुरुलला म्हटलं, हे बर्फ नव्हे, गारा. पाया पडतो म्हटलं, वसंतापर्यंत थांब. ती लेकीचे लोकरी मोजे कुठे ठेवलेत ते सांगत राहिली.

२२ ऑक्टोबर, ११ वाजता
बिश्केकला जाणारी व्हॅन युर्तापुढे थांबली. मॉस्कोला निघालेल्या पाच बायका, त्यांत बुरुल. जेवायला उतरल्या. मीच वाढलं. ती पाहुण्यांच्या ओळीत बसली, मान खाली. भाजी खारट झालेली, तरी ताट पुसून खाल्लं. उठताना तिने पाचजणींचे पैसे दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, ठेवले. नको म्हणायला तोंड उघडलं. म्हणाली, घ्या, लेकीला दूध लागेल.
पाच महिन्यांतली पहिली कमाई. मी घेतली.